कावा

सुरत हे नाव मराठी माणूस पहिल्यांदा ऐकतो ते शाळेतल्या लुटीच्या धड्यात. १६६४ चा जानेवारी, मग पुन्हा १६७० चा ऑक्टोबर. बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत महाराजांचा तळ, किल्ल्यात दडून बसलेला सुभेदार इनायतखान, आणि थैल्या लादून घाटांकडे परत निघालेलं घोडदळ. आम्हां गोमंतकीयांना या गोष्टीला आणखी एक शेपूट जोडता येतं. इनायतखान ज्या तापीकाठच्या किल्ल्यात दडला, तो मुळात बांधला गेला तो पोर्तुगीज आरमाराच्या धास्तीने. १५३० साली पोर्तुगिजांनी सुरत जाळली होती. त्यानंतर खुदावंदखानाने हा कोट उभारला, आणि तो १५४६ च्या सुमारास पुरा झाला. म्हणजे महाराजांच्या आधी सव्वाशेहून अधिक वर्षं सुरतेवर चालून जाणाऱ्यांचं बिऱ्हाड आमच्याच मांडवीकाठी होतं!

पण मला त्या धड्यातले घोडे आठवतात. धड्यात ते असतात, पण टापांच्या आवाजापुरते. अनोळखी मुलूख, रात्रीची वाट, शहरात पेटलेल्या आगी, आणि तरीही न बिथरता चालणारं जनावर. घोडा हा मुळात पळपुटा प्राणी आहे. वाऱ्याने उडालेली चिंधी बघून शेतात उधळतो. त्याला आगीजवळ उभं राहायला, भालाईताच्या मांडीच्या दाबावर जागच्या जागी वळायला कोणी शिकवलं? आणि कसं? घोडे कुठून आले, किती होते, यावर इतिहासकार पानंच्या पानं लिहितात. शिकवणाऱ्याचं नाव मात्र कुठे सापडत नाही.

त्याचा माग भाषेत लागतो. ‘गनिमी कावा’ आपण ऊठसूट म्हणतो. राजकारण्यांना लावतो, क्रिकेटच्या कप्तानालाही लावतो. त्यातला ‘कावा’ फारसीतून आला आणि त्याचा जुना अर्थ घोड्याला गोल फिरवणं. लांब दोरीवर, शिकवणारा मधोमध उभा आणि कोवळं जनावर त्याच्याभोवती वर्तुळात चालतं आहे, हा कावा. डावपेच, हुलकावणी हे अर्थ त्याला मागाहून चिकटले. घोडा वर्तुळात वळवून शत्रूच्या हातून निसटण्याचे. एका अख्ख्या युद्धपद्धतीचं नाव घोड्याच्या पहिल्या वर्गातल्या पहिल्या धड्यावरून पडावं, हे मला फार मजेचं वाटतं.

घोडा आपल्या दारातून गेला, पण तोंडातून गेला नाही. खोगीरभरती, घोडामैदान, वरातीमागून घोडं, बेलगाम, चौखूर उधळणं… या शब्दांनी आपलं रोजचं बोलणं भरलेलं आहे. पण शिंगरू, खरारा, तोबरा, मोहरकी, अगाडी-पिछाडी, दुडकी, मोतद्दार म्हटलं तर आजच्या कितीजणांना कळेल? आणि चाबूकस्वार! घोड्याला फेरून तयार करणाऱ्या माणसाचं हे जुनं नाव. नाव ऐकून वाटतं की हा माणूस दिवसभर फटके ओढत असणार. खरं तर चाबूक ही त्याच्या हाताची लांबी. वर्तुळावरच्या घोड्याला मागून दाखवायची खूण. जो चाबूकस्वार फटके मारीत सुटेल त्याच्या दोरीवरचं शिंगरू दुसऱ्या दिवशी त्याला जवळही येऊ देणार नाही.

मागच्या वर्षी मार्गशीर्षाच्या जरा आधी सुरतेला जाणं झालं. उधन्याला माझ्या मावसभावाचं घर आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा हा भाग म्हणजे सुरतेतला खानदेशच. कापडाच्या कारखान्यांमागे आलेली धुळे-नंदुरबार-जळगावची माणसं. बसथांब्यावर अहिराणी कानावर पडते. लग्नसराई सुरू झालेली. गुजरातीत नवऱ्या मुलाच्या वरातीला वरघोडोच म्हणतात, म्हणजे घोड्याशिवाय शब्दही पुरा होत नाही. संध्याकाळी घरासमोरून अशीच एक वरात गेली. ढोल, बँड, दिव्यांची झुंबरं डोक्यावर घेतलेल्या बायका, आणि मधोमध एक पांढरी घोडी, नाचणारी. जागच्या जागी पाय उचलते आहे, मान कमानीसारखी, तोंडाला फेस. लोक नोटा ओवाळत होते.

मला तिथे आमच्या शिगम्यातली घोडेमोडणी आठवली. डिचोली-सत्तरी-पेडण्याच्या वाचकांना ती सांगायला नको. कमरेला लाकडी घोडा बांधलेला, डोक्याला फुलांनी सजवलेली पगडी, पायात घुंगूर, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात लगाम, आणि ढोल-ताशा-झांजेवर पुढे मागे सरकणारी ती दुडकी. विजयी स्वारांची ती आठवण. पण मला तिच्यातलं एक वेगळंच आवडतं. मोडणीतला माणूस स्वारही असतो आणि घोडाही. पाय त्याचेच, लगामही त्याच्याच हातात. चुकीचा हिसका बसला तर कळ त्यालाच. उधन्याच्या रस्त्यावर मात्र घोडा एक होता आणि नाचवणारा दुसरा.

दुसऱ्या दिवशी भावाच्या ओळखीने एका घोडेवाल्याकडे गेलो. मूळचे नंदुरबारकडचे, दोन पिढ्या वरातीचे घोडे पाळतात. पत्र्याच्या शेडमध्ये चार घोड्या आणि एका कोपऱ्यात अडीच वर्षांचं एक शिंगरू, काठेवाडी मादी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली. ‘बसा दादा,’ म्हणाले, आणि चहा सांगितला. मी लगामाबद्दल विचारलं तेव्हा जरा थांबले. मग भिंतीवरच्या खिळ्याचा एक लगाम काढून माझ्या हातात दिला. तोंडात जाणाऱ्या लोखंडाला आतून काटे. ‘हा आता वापरत नाही आम्ही. पण बाजारात मिळतो. हा घातला की पंधरा दिवसांत घोडी नाचते.’

त्या काट्यांवर मी बोट फिरवून पाहिलं. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्या मध्ये नुसत्या हिरडीची मोकळी जागा असते. लगामाचं लोखंड तिथेच बसतं. तिथे काटा टोचला की जनावर मान वर ओढून घेतं, पुढे जायला घाबरतं, मागून हाकललं म्हणून थांबताही येत नाही, मग जागच्या जागी पाय उचलू लागतं. आपण त्याला नाच म्हणतो. काटेरी लगामाला आपल्याकडे १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे. ती कोण पाळतं, हे कुठल्याही वरातीत घोड्याच्या तोंडाकडे पाहिल्यास कळेल.

आता गंमत अशी, की याच नाचाला ऑलिम्पिकमध्ये पदकं मिळतात. ड्रेसाज म्हणतात त्या प्रकारात घोडा साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद चौकटीत ठरलेल्या हालचाली करतो, आणि त्यांतली सगळ्यांत अवघड म्हणजे पियाफ : जागच्या जागी दुडकी. लांबून पाहणाऱ्याला वरातीची घोडी आणि हा घोडा एकच करताहेत असं वाटेल. पण वरातीच्या घोडीची पाठ खाली दबलेली असते आणि मागचे पाय लांब राहिलेले. नीट शिकलेल्या घोड्याची पाठ वर आलेली असते, मागचे पाय पोटाखाली, आणि पुढचं अंग हलकं. पहिलीला पंधरा दिवस लागतात. दुसऱ्याला पाच-सहा वर्षं.

इतकी वर्षं का? कारण घोड्याचं वजन मुळात पुढच्या पायांवर जास्त, साधारण साठ टक्के. त्यावर माणूस बसला की आणखी भर. ते ओझं हळूहळू मागच्या पायांवर न्यायचं, हाच या सगळ्या शिक्षणाचा गाभा. ते हुकुमाने होत नाही, स्नायू वाढावे लागतात. शिवाय घोड्याची हाडं खालून वर जुळत जातात. पायांची आधी, पाठीच्या कण्याची सगळ्यांत शेवटी, पाच-सहा वर्षांचा होईतो. म्हणून शहाणे लोक पहिल्या दोन वर्षांत पाठीवर काहीच ठेवत नाहीत. मोहरकी घालून चालवायचं, चारही खूर उचलू द्यायला शिकवायचं, अंगावर हात फिरवायचा. तीन-साडेतीन वर्षांचं झालं की कावा. पंधरा-वीस मिनिटं, दोन्ही हातांना सारखा. घोडेही माणसांसारखे डावरे-उजवे असतात. एका बाजूला सहज वळतात, दुसऱ्या बाजूला लाकूड होतात. वर्तुळावर ते लाकूड हळूहळू मऊ करायचं. मग खोगीर, मग स्वार, तोही काही मिनिटं.

जर्मन लोकांनी याच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत आणि त्यांतली पहिली कुठली? ताल! आधी चालीचा ताल पक्का, मग अंगाचा सैलपणा, मग तोंडाचं लगामाशी हलकं नातं, मागून येणारी उसळ, सरळपणा, आणि सर्वांत शेवटी अंग गोळा करणं. हे वाचलं तेव्हा मला पटकन विष्णुपंत छत्रे आठवले.

छत्र्यांना आपण हिंदुस्थानी सर्कशीचे जनक म्हणून ओळखतो. कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानात ते घोडे शिकवायच्या कामावर होते, आणि मुंबईत आलेली कियारिनी या इटालियनाची सर्कस पाहून त्यांनी १८८० मध्ये आपली ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. पण गोव्याच्या वाचकांना त्यांची दुसरी बाजू अधिक जवळची वाटावी. हा माणूस तरुणपणी ग्वाल्हेरला गेला आणि तिथे दोन विद्या शिकला : बाबासाहेब आपट्यांकडे घोडे फेरण्याची, आणि हद्दूखाँसाहेबांकडे ख्यालाची. पुढे हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांना सांभाळलं तेही छत्र्यांनीच. एकाच गावात, एकाच वयात, सकाळी तबेला आणि संध्याकाळी तंबोरा. मला नेहमी वाटतं, या दोन तालमी त्यांच्या डोक्यात फार वेगळ्या नसाव्यात. शिंगराला कावा देणं म्हणजे विलंबितच की! सुरुवातीलाच तान मारायला लावली तर गळाही बसतो आणि घोडाही. आपल्या सगळ्या घराण्यांना हे गळ्याबाबत कळलं. घोड्याबाबतही ते सांगणारा माणूस आपल्यात होऊन गेला. आपण त्याला तंबूत बसवून टाळ्या वाजवल्या आणि विसरलो.

उडीचंही तेच. उंच अडथळ्यावर घोडा घालणं हा शेवटचा धडा. सुरुवात जमिनीवर आडव्या टाकलेल्या लाकडी दांड्यांपासून. दुडकीत दोन दांड्यांमध्ये सव्वा-दीड पावलांचं नव्हे, घोड्याच्या चालीचं अंतर ठेवायचं, सुमारे सव्वा मीटर, म्हणजे तो स्वतःहून पाय मोजायला शिकतो. मग दांडी जरा उचलायची. या बुटक्या दांड्यांना इटालियनमध्ये कावालेत्ती म्हणतात, म्हणजे लहानगे घोडे. तिथेही लाकडी घोडे आहेतच! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत युरोपातला स्वार उडी मारताना मागे रेलून लगाम खेचीत असे. घोडा हवेत असताना त्याच्या तोंडाला हिसका आणि पाठीवर आदळआपट. फेदेरिको काप्रिल्ली नावाच्या इटालियन घोडदळाच्या अधिकाऱ्याने ते उलटं केलं. स्वाराने पुढे झुकावं, हात मोकळा सोडावा, घोड्याला मान लांब करू द्यावी. १९०७ साली तो तरुणपणीच वारला, पण आज जगातला प्रत्येक उडी मारणारा स्वार त्याच्याच पद्धतीने बसतो. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे घोड्याचे डोळे बाजूंना असल्याने अगदी कपाळासमोरचं त्याला दिसत नाही. अडथळ्याच्या ऐन तोंडाशी तो आधी पाहिलेल्यावर आणि पाठीवरच्या माणसावर विसंबून झेप घेतो.

हे सगळं सांगताना युरोप म्हणजे प्रेमळ आणि आपण म्हणजे क्रूर, असा कोणी अर्थ काढील तर ते खोटं ठरेल. घोडेवाल्यांनी मला शेडमागचे दोन खांब दाखवले. घोडीला त्यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी बांधून ढोलाच्या तालावर पायांना काठीने टिचकी मारत नाच शिकवतात. ते पाहून मला प्लुव्हिनेलची चित्रं आठवली. सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या तेराव्या लुईला घोड्यावर बसायला शिकवणारा हा उस्ताद. तोही घोडा दोन खांबांमध्येच बांधायचा. व्हिएन्नाच्या सुप्रसिद्ध शाळेत ते खांब आजही उभे आहेत. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर ब्रिटनची सुवर्णविजेती शार्लट दुजार्डिन एका चित्रफितीत घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा चाबूक मारताना दिसली. तिने स्पर्धेतून माघार घेतली आणि तिच्यावर वर्षभराची बंदी आली. खांब तेच, चाबूकही तोच. ऑलिम्पिकच्या ड्रेसाजमध्ये आठ वर्षांखालचा घोडा उतरवता येत नाही, उडीत नऊ, असा नियम करावा लागतो तो याचसाठी. घाई सगळीकडेच आहे.

मग आपण कुठे आहोत? २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी, घोडेस्वारीत भारताला सुवर्ण मिळालं. मला आनंद झाला, उगाच नाक मुरडायचं कारण नाही. पण चौघेही वर्षानुवर्षं युरोपात राहून शिकले, आणि घोडेही तिकडचेच. नाइलाज होता, कारण भारतातला घोडा रोगराईच्या नियमांमुळे परदेशच्या स्पर्धेला नेणं जवळजवळ अशक्यच. २०२५ मध्ये मीरतच्या लष्करी केंद्रातल्या रोगमुक्त विभागाला जागतिक मान्यता मिळाली, तेव्हा कुठे ती कडी जरा निघाली.

गोव्याच्या माणसाला ही कथा जुनी वाटायला हवी. १५१० नंतर अरबस्तान आणि होर्मुझकडचे घोडे गोव्याच्या बंदरात उतरवायचे हा पोर्तुगिजांचा दंडक होता, आणि त्या जकातीवर त्यांची तिजोरी भरायची. फेर्नांव नूनिश हा घोड्यांचाच व्यापारी. विजयनगरात राहून त्याने लिहून ठेवलंय की सालुव नरसिंह राजा वाटेत समुद्रावर मेलेल्या घोड्याचीही पूर्ण किंमत द्यायचा. नुसती शेपटी आणून दाखवली की पुरे! आणि त्याच्याही आधी, तेराव्या शतकाच्या अखेरीस, मार्को पोलोने दक्षिणेबद्दल लिहिलं की इथे घोडे दरवर्षी हजारोंनी येतात आणि निगा न कळल्याने मरतात, आणि व्यापारी आपल्यासोबत नालबंद मुद्दामच येऊ देत नाहीत. घोडा विकायचा, विद्या नाही. दरवर्षी नवा घोडा खपला पाहिजे ना!

महाराजांचं वेगळेपण मला इथे दिसतं. १६७० च्या दशकात चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी राहिलेल्या छावणीला त्यांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात मोहीम नाही, तलवार नाही. दाणा-वैरण आताच उधळलीत तर पावसात घोडी उपाशी मरतील, रयतेला त्रास देऊ नका, आणि रात्री दिवा उघडा ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवील आणि गवताच्या गंजी जळतील… राजाने उंदराचा विचार करावा! सुरतेपर्यंत घोडी गेली ती अशा लक्ष देण्यावर.

त्या शेडमध्ये मी दोन तास बसलो असेन. शिंगरासाठी एक गिऱ्हाईक आलं होतं. सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीला, नाचती करून दिली तर चांगली किंमत देणार होतं. सारंगखेडं त्याच तापीवर, सुरतेहून वर, नंदुरबार जिल्ह्यात. घोड्यांच्या बाजारासाठी जुनं गाव. तिथे खाटेवर चढून नाचणाऱ्या घोडीभोवती गर्दी जमते. ‘दिवस थोडे आहेत. काट्याने होईल,’ ते म्हणाले, ‘बिनकाट्याने नाही होणार. पोरीचं कॉलेज आहे, शेडचं भाडं आहे.’ त्यांचा थोरला मुलगा शिंगराला घेऊन मागच्या मोकळ्या जागेत गेला. लांब दोरी, हातात काठी, जमिनीकडे वळवलेली. शिंगरू डाव्या हाताला छान फिरलं. उजव्या हाताला चारदा थांबलं आणि प्रत्येक वेळी तोंड आत वळवून मुलाकडे बघत राहिलं. मुलगाही थांबायचा, जीभ टाळूला लावून टक् करायचा, मग पुन्हा.

‘काय म्हणतात तुमच्यात याला?’ मी विचारलं.

‘चक्कर,’ मुलगा म्हणाला.

मी त्याला कावा हा शब्द सांगितला. त्याने तो दोनदा म्हणून पाहिला आणि शिंगराकडे वळला.

दत्तजयंतीनंतर मावसभावाला फोन करून विचारलं. त्यांनी ते शिंगरू सारंगखेड्याला नेलंच नव्हतं. गिऱ्हाईक तोंडाला येईल ते बोलून गेलं, आणि त्या महिन्याचं भाडं थकलं. शिंगरू अजून शेडमध्येच आहे, रोज सकाळी वीस मिनिटं, आता उजव्या हाताला दोनदाच थांबतं.